हात न जोडणारा फिटर

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या साकीनाक्याच्या गाळ्यात सगळ्यात आधी सीताराम परब यायचे. बाकीचे लोक साडेनऊला डुलत डुलत येईपर्यंत त्यांनी अकराच्या अकरा मशिनी रॉकेलने पुसून लख्ख केलेल्या असत. मग जमिनीवर पेपर अंथरून ते झेंडूच्या माळा ओवायला बसत. कुठल्या मशीनला किती हात लांब माळ लागते ते त्यांना पाठ होतं. माळा घालून झाल्या, आंब्याची पानं लागली, शेठ भटजींना घेऊन आले आणि आरती सुरू झाली की हाच माणूस उठून शटरपाशी जायचा आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहायचा. टाळी नाही, नमस्कार नाही. पेढा मात्र घ्यायचे आणि डब्यात ठेवायचे.

"सुनंदाक दितंय. तिचो उपास आसता," असं म्हणायचे. सुनंदा म्हणजे त्यांची बायको.

मी तिथे सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. घाटकोपरच्या सोसायटीत वाढलेला, डिप्लोमा झालेला, आपल्याला सगळं कळतं असं वाटणारा. परब माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, टूलरूमचे फिटर. मशिनींची सगळी देखभाल त्यांच्याकडे. पहिल्याच दसऱ्याला मी त्यांना विचारलं, "परब, तुम्ही नास्तिक का?"

"नाय रे. ख्रिस्ती."

मी मोठ्याने हसलो. कुडाळकडचा परब, नाव सीताराम, बाप गिरणीत राबलेला, आणि ख्रिस्ती! आमच्या सोसायटीत ख्रिस्ती म्हणजे तळमजल्यावरचं एक कुटुंब होतं. नाताळात केक पाठवायचं आणि घरात इंग्रजी बोलायचं. मी परबांना म्हटलं, "मग माळा कशाला ओवता?"

"मशीन पुसूचा काम माझा, माळ ओवूचा काम माझा. हात जोडूचो तो ज्याचो त्याना ठरवचो," असं म्हणून ते पत्रा कापायची डाय घासायला लागले. मला उत्तर पटलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांच्या शांतपणाचा रागच आला.

पुढे हळूहळू कळलं. गिरणी गेल्यावर बाप गेला आणि बापामागे हे दारूत गेले. पोट फुगून सरकारी दवाखान्यात पडले तेव्हा शेजारच्या खाटेवर एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, नगरकडचे मराठी ख्रिस्ती. ते रोज संध्याकाळी पवित्र शास्त्र मोठ्याने वाचायचे. परबांना दुसरी काही करमणूक नव्हती म्हणून ते ऐकायचे. "एक दिवस त्या मास्तरान माका इचारल्यान, तू कोण? मी म्हटलंय, बेवडो. तो म्हणालो, ता तुझा दुखणा. मी इचारतंय तू कोण? माका सांगूक येयना. मगे तोच म्हणालो, तू देवाचा लेकरू." हे सांगताना परब दर वेळी हातातलं काम खाली ठेवायचे, आणि मी दर वेळी घड्याळाकडे बघायचो.

दवाखान्यातून सुटल्यावर त्यांनी दारू सोडली आणि वर्षभराने बाप्तिस्मा घेतला. मरोळला एका शाळेच्या वर्गात दर रविवारी मराठी ख्रिस्ती मंडळी उपासनेला जमायची, तिथे ते जाऊ लागले. बायकोला त्यांनी कधी चल म्हटलं नाही. चारकोपच्या त्यांच्या खोलीत तिचा देव्हारा होता तसाच राहिला. शुक्रवारी कामावरून जाताना तिच्या देवीसाठी फुलांची पुडी हेच न्यायचे.

माणसाने एवढं सगळ्यांना सांभाळून घेतल्यावर सगळ्यांनी त्याला डोक्यावर घ्यायला हवं की नाही? झालं उलटंच. गणपतीत ते गावी जायचे तेव्हा भाऊ त्यांच्याकडून विहीर उपसून घेत, कौलं शाकारून घेत, लाकडं फोडून घेत, पण गणपतीच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. झोपायला अंगण. हे मला सांगतानासुद्धा तक्रार नाही. "माका खळ्यात झोपाक आवडता," एवढंच. इकडे मरोळच्या पाळकांना त्यांचं नाव खटकायचं. हिंदू देवाचं नाव बदलून पौल घ्या, असं त्यांनी दोनदा सुचवलं. परब म्हणाले, "बापाशीन ठेवलेला नाव. प्रभून माका हाक मारल्यान ती सीताराम म्हणानच मारल्यान. आता मधीच बदललंय तर तेचीच पंचाईत." पाळक हसले, पण पुढच्या रविवारी भर उपासनेत, मशिनींना माळा घालणारे काही बंधू आपल्यात आहेत, असं बोलले. वर्गात पंधरावीस माणसं. बंधू कोण ते लहान पोरालाही कळलं.

"मग काय म्हणालात तुम्ही?" मी विचारलं.

"काय म्हणतलंय? घराक गेलंय. आपण कोणाचे ता एकदा ठरला ना सुधीर, की रोज उठान ठरवचा लागणा नाय."

हे वाक्य ते फार वेळा म्हणायचे. मला ते ऐकून तेव्हाही चीड यायची आणि आजही येते. ज्यांना रोज उठून ठरवावं लागतं, त्यांनी कुठे जायचं?

आता आमच्या मोठ्या प्रेसबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे बिजागऱ्या व्हायच्या. पत्रा मशीनमध्ये ठेवायचा, वरून प्रेस दणकन खाली येतो, आकार कापला जातो. मोठ्या प्रेसला दोन बटणं होती, दोन बाजूंना. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे माणसाचे दोन्ही हात बाहेर असणार. पण त्यात वेळ जातो. म्हणून गर्दीच्या दिवसांत एका बटणात लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवायचं. मग एकच बटण उरतं, दुसऱ्या हाताने पत्रा सरकवता येतो आणि काम दीडपट होतं. ही युक्ती माझी नव्हती, सगळ्या साकीनाक्यात चालायची. आमच्या गाळ्यात मात्र पाचर मी मारायचो. शेठ तोंडाने कधी सांगत नसत. "सुधीरभाई, माल निकालो," एवढंच म्हणत.

परब रोज सकाळी ती पाचर उपटून माझ्या टेबलावर आणून ठेवत. "ह्या तुझा सामान," म्हणत. दुपारी मी ती परत मारायचो. दुसऱ्या सकाळी ती परत माझ्या टेबलावर. आमच्यात हा खेळच झाला होता, निदान मी तो खेळ समजत होतो. एकदा ते नेहमीपेक्षा कडक बोलले, "सुधीर, हात जातलो कोणाचो तरी." मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत चालवून घ्या ना परब. नंतर बघू."

त्या वर्षी दसऱ्यानंतर ऑर्डर इतकी आली की शेठनी रविवारी काम लावलं. परब रविवारी येत नसत, ही एकच गोष्ट त्यांनी नोकरीला लागतानाच सांगून ठेवलेली. शनिवारी निघताना माझ्या केबिनच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पाचर काढून ठेवलंय. उद्या मी नाय. परत मारू नको."

"जा हो तुम्ही प्रार्थनेला. आमच्यासाठी पण दोन शब्द बोला," मी म्हटलं, आणि स्वतःच्या विनोदावर खूश झालो.

रविवारी मोठ्या प्रेसवरचा नेहमीचा माणूस आला नाही. मी किसनला बसवलं. किसन मानखुर्दहून यायचा. तिशीचा, लग्न झालेला, आमच्याकडे लागून दोन महिने झालेले, पाचरीबद्दल त्याला ठाऊक नव्हतं. त्याला दोन्ही बटणं दाबून काम करायची सवय होती, आणि त्यामुळे तो सावकाश करत होता. तो जेवायला गेला तेव्हा मी पाचर मारली. परत आला की सांगू, असं ठरवलं होतं. तेवढ्यात शेठचा फोन आला आणि मी केबिनमध्ये गेलो. किसन येऊन बसला. अडकलेला पत्रा काढायला त्याने डावा हात आत घातला आणि उजव्या हाताने सवयीने बटणावर टेकला. एकाच बटणाने प्रेस येणार नाही, असं त्याला वाटत होतं.

ओरडणं ऐकून मी धावलो. लोकांनी मशीन बंद केली, किसनला खाली निजवलं, कोणी फडकं आणलं. मी काय केलं? मी पाचर उपटली आणि मागच्या दाराने जाऊन गटारात टाकली. किसनच्या हाताकडे मी त्यानंतर बघितलं. तीन बोटं गेली होती. गेल्या इतक्या वर्षांत मी याला घाबरणं म्हणून पाहिलं, गोंधळ म्हणून पाहिलं, पण ते तसं नव्हतं. माझं डोकं त्या वेळी अगदी छान चालत होतं.

सोमवारी सगळे गाळ्यात गोळा झाले. प्रेस अचानक खाली कसा आला, या प्रश्नाला रात्रीतून उत्तर मिळालेलं होतं. दोघेतिघे एकदमच बोलले, "ह्या मशीनला परबनी हात जोडला नव्हता. आठ दिवस झाले नाहीत दसऱ्याला." दुसरा म्हणाला, "आणि काल मशीन बघायची, तर साहेब गेले चर्चला. वाट लागली ना बिचाऱ्याची!" यातल्या निम्म्या लोकांना पाचर ठाऊक होती. गर्दीच्या दिवसांत त्यांनीच ती माझ्याकडून मागून मारून घेतलेली होती, लवकर सुटता यायचं म्हणून. त्यामुळेच त्यांना दुसरं कारण हवं होतं, आणि परब अगदी हाताशी होते.

परबांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. वाकून बटण बघितलं, त्याच्या कडेवरचा ताजा ओरखडा बोटाने चाचपला आणि शेठना म्हणाले, "पाचर होती हंयसर."

"कोणी बघितली?" शेठ म्हणाले.

लोक आपापल्या मशिनी पुसू लागले. परब माझ्याकडे वळले. रागाने नाही, उलट मला मदत करत असल्यासारखे. "सुधीर, तू सांग."

"नव्हती," मी म्हटलं. "मी सकाळीच चेक केलं होतं."

मग त्यांनी मान हलवली आणि टूलरूममध्ये गेले. मागून कोणीतरी म्हणालं, "आपली चूक झाकायला बघा कसा बोलतोय." ते ऐकून मला बरं वाटलं, हे मी लिहून ठेवतो.

चार दिवसांनी मी चारकोपला त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला नव्हे, भांडायला. त्यांनी माझं नाव का घेतलं नाही याची मला इतकी चीड आली होती की झोप लागत नव्हती. नाव घेतलं असतं तर मी आरडाओरडा केला असता, उलटे आरोप केले असते, निदान दोन माणसांचं भांडण झालं असतं. सुनंदावहिनी पाणी ठेवून आत गेल्या. मी आवाज दाबून म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे ना कोणी मारली? मग बोलत का नाही?"

"तुझा तू सांगूक होया. तुझ्या वतीन मी कसो कबूल होव?"

"वा! तुम्ही राहा स्वच्छ. आणि शेठ किसनला म्हणतायत, तुझाच निष्काळजीपणा, तुला भरपाई नाही. तुमच्या चांगुलपणापायी त्याला काही मिळणार नाही, समजलं का?"

मी हे त्यांना दुखवायला बोललो होतो, आणि ते दुखावले. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा पडलेला मी तेव्हाच पाहिला. ते मग म्हणाले, "खरा बोललंस. माझा पण चुकलाच. पाचर काढून काय होता? मशीन बंद करून तिच्यासमोर बसाक होया होता. मी रोज पाचर काढलंय आणि वाटला, माझा काम झाला." नंतर माझ्याकडे बघून म्हणाले, "माझा आसा तितक्या मी सांगतंय. तुझा तू बघ."

दुसऱ्या दिवशी ते किसनला घेऊन कामगार खात्याच्या ऑफिसात गेले आणि जबाब दिला, की मशीन सुरक्षित ठेवणं माझं काम होतं, तिच्यात धोका आहे हे मला माहीत असून मी ती बंद केली नाही, यात किसनची काहीही चूक नाही. पाचर कोणी मारली असं विचारल्यावर म्हणाले, ज्याने मारली तो येऊन सांगेल. कारकुनाने ते वाक्य लिहिलंच नाही. उरला तो कागद शेठना लॉटरी लागल्यासारखा होता. फिटर स्वतःच कबूल झाला, मालकावरचा ठपका टळला! किसनला भरपाई मिळाली, परबांना काढून टाकलं, आणि साकीनाक्यात कुठल्याही गाळ्यात गेले तरी "तो बोटंवाला परब" म्हणून दारातूनच परत पाठवू लागले. मला त्या दिवाळीनंतर मॅनेजर केलं.

मरोळच्या मंडळींनीही आपलं कर्तव्य केलं. अशा गोष्टीने आपल्या साक्षीला बट्टा लागतो, असं म्हणून पाळकांनी त्यांना काही महिने पुढे उभं राहून प्रार्थना करू नका, असं सांगितलं. परब मागच्या बाकावर बसू लागले. पुढे ते चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीत वॉचमन झाले. मी एकदा कामासाठी तिथे गेलो असताना त्यांनी माझ्या गाडीचा नंबर वहीत लिहून घेतला. "बरो आसस मा?" असं विचारलं. मी म्हटलं, "झकास." माझ्या तोंडून हा शब्द का आला कोण जाणे. ते म्हणाले, "सुधीर, मी अजून वाट बघतंय हां." मी गाडी आत घेतली. परत जाताना दुसऱ्या गेटने बाहेर पडलो.

मला त्यांचा राग होता, हे परत सांगतो. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, पोलिसांत नेलं असतं, तरी इतका राग आला नसता. त्यांनी मला सोडूनही दिलं नाही आणि धरलंही नाही. आपण कोणाचे हे ज्याचं ठरलेलं आहे, त्या माणसाला दुसऱ्याचं काय होतं ते कळत नाही असं मला वाटायचं. आता वाटतं, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्याचा उपयोग मात्र काही झाला नाही.

गेल्या वर्षी परब गेले. ड्युटीवर खुर्चीत बसल्या बसल्या. मला किसनचा फोन आला. रविवारी दुपारी मरोळच्या त्या वर्गात त्यांच्यासाठी उपासना होती, मी गेलो. लहान मुलांचे बाक, फळ्यावर पुसट झालेले पाढे, पंचवीसेक माणसं. सुनंदावहिनी पहिल्या बाकावर कुंकू नसलेल्या कपाळाने बसल्या होत्या. पाळक तेच, आता म्हातारे झालेले. भाऊ सीताराम कसे विश्वासाचा नमुना होते, असं ते बोलले. मग म्हणाले, ज्यांना आपल्या भावाविषयी साक्ष द्यायची असेल त्यांनी उभं राहावं. त्यांच्यात ही पद्धत आहे. ज्याला जे ठाऊक असेल ते तो उठून खरंखरं सांगतो.

एका बाईंनी सांगितलं, परबांनी त्यांची शिलाई मशीन तीनदा दुरुस्त करून दिली. मग किसन उठला. डावा हात खिशात होता. म्हणाला, "माझी बोटं परबकाकांच्या चुकीमुळे गेली. पण त्यांनी ती कबूल केली. मशीन सांभाळणारा कबूल होतो का कधी? मला डाव्या हाताने पाना धरायला पण त्यांनीच शिकवलं, दर शनिवारी मानखुर्दला येऊन. मी त्यांना माफ केलंय. ते माझ्या मनापासून सांगतो." सगळे "आमेन" म्हणाले. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसू लागले.

मी उभा राहिलो. पाय खरोखर आपोआप उठले. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. किसनने ओळखीचं हसून मान हलवली. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, तीनच शब्दांचं. इतकी वर्षं मी ते अंघोळ करताना, सिग्नलला थांबल्यावर, मीटिंगमध्ये बसून मनात म्हटलेलं होतं.

"परब फार चांगले माणूस होते," मी म्हटलं. "मला त्यांनी खूप काही शिकवलं."

"आमेन," सगळे म्हणाले. मी खाली बसलो.

उपासना संपल्यावर चहा होता. सुनंदावहिनी माझ्याकडे आल्या आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "भावोजी, तुम्ही बोललात ता बरा झाला," त्या म्हणाल्या. "हे नेहमी म्हणत, माझा सुधीर एक दिवस सगळ्यांसमोर उभो ऱ्हवतलो आणि बोलतलो. काय बोलतलो, ता माका कधी सांगूक नाय. आज ऐकलंय. त्यांच्या जिवाक आता शांती मिळाली आसतली."

मी "हो वहिनी" म्हटलं.